एकच प्रश्न, चार महाविद्यालयं: पहिल्या वर्षाच्या गणिताबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात तुम्ही तीन वर्षं गणित शिकवताय. एफ.वाय.बी.एस्सी.ची जवळजवळ निम्मी मुलं गणितात अडकतात. दोन आठवड्यांचा ब्रिज कोर्स, म्हणजे सत्राआधीची शाळेच्या गणिताची उजळणी, घेऊन पाहिलात, पण फरक दिसला नाही. तुमच्या प्राचार्यांनी आसपासच्या तीन महाविद्यालयांशी सामंजस्य करार केलेत, त्यांच्या फायली नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) तयार आहेत, पण वर्गापर्यंत त्यातलं काही पोचलेलं नाही. आणि तुम्ही विचारताय: मुलांचा कच्चा पाया पक्का कसा करायचा, या करारांचा खरंच काही उपयोग होईल का, आणि प्राचार्यांकडे नेमकं काय मागायचं?

मी पुण्यात २७ वर्षं पदवीच्या वर्गांना गणित शिकवतेय. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं मीसुद्धा ‘पाया कच्चा आहे’ हेच म्हणत होते. ते खोटं नाही. पण ते म्हटलं की आपला विचार तिथेच थांबतो, कारण पाया शाळेत घातला जातो आणि शाळा आपल्या हातात नाही. तुमचे प्रश्न वरवर पाहता दोन आहेत, मुलांचा आणि महाविद्यालयांमधल्या सहकार्याचा. मला मात्र तो एकच प्रश्न वाटतो. मुलं नेमकी कुठे अडकतात हे आपल्याला माहीत नसतं, आणि माहीत नसतं कारण आपण प्रत्येक जण आपापल्या वर्गात एकटे असतो. गुणपत्रिकेत ३५ पैकी ११ दिसतात. उरलेले २४ कुठे गेले, ते त्या आकड्यातून कळत नाही. वरच्या वर्गांचे पेपर तर कॅप सेंटरला, विद्यापीठाच्या केंद्रीय तपासणीला, जातात, म्हणजे शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा. मुलाने लिहिलेली चूक ज्याला दिसते, त्याला ते मूल कोण हे माहीत नसतं, आणि ज्याला मूल माहीत असतं त्याला ती चूक दिसत नाही.

पुढचं सगळं वाचण्याआधी एक सांगते. यातलं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या विभागात किती जण आहेत? एकट्याने आठवड्याला २० तास आणि १२० मुलं सांभाळत असाल, तर मी लिहिलंय त्यातलं निम्मं तुम्हाला या वर्षी जमणार नाही. तसा आग्रहही धरू नका, फक्त पहिली गोष्ट करा. तुमची मुलं गणित मुख्य विषय म्हणून घेणारी आहेत की संगणकशास्त्रासाठी सोबतचा विषय म्हणून आलेली, यानेही उदाहरणं बदलतात. आणि करार केलेलं एखादं महाविद्यालय स्वायत्त असेल, तर त्याचा अभ्यासक्रम तुमच्याशी जुळेलच असं नाही. पण सीमा (लिमिट), सातत्य (कंटिन्युइटी), विकलज (डेरिव्हेटिव्ह), सारणी (मॅट्रिक्स) हे सगळीकडे तेच आहे, त्यामुळे ही अडचण वाटते तेवढी मोठी नसते.

आता पहिली गोष्ट. साधारण बारा वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात आम्हा चौघांची ओळख झाली. दोघं शहरातले, एक पिंपरी-चिंचवडच्या बाजूचे, एक तुमच्यासारखेच तालुक्याच्या महाविद्यालयातले. चहाच्या वेळी जी तक्रार सगळीकडे होते तीच आमचीही चालली होती. तेव्हा आम्ही एवढंच ठरवलं की येत्या आठवड्यात चौघांनी आपापल्या वर्गाला तंतोतंत एकच प्रश्न द्यायचा. दहा मिनिटं, गुण नाहीत. प्रश्न असा होता: (क्षचा वर्ग वजा ४) भागिले (क्ष वजा २), हे फल (फंक्शन) घ्या. (अ) क्ष २ कडे जाताना त्याची सीमा काढा. (ब) क्ष = २ असताना या फलाची किंमत किती?

(अ) प्रत्येक पुस्तकात असतो. (ब) आम्ही मुद्दाम जोडला, कारण परीक्षेत तो कुणी विचारत नाही. क्षच्या जागी २ घातले की खाली शून्य येतं, म्हणून तिथे या फलाला किंमतच नाही.

शनिवारी एका महाविद्यालयाच्या रिकाम्या वर्गात आम्ही बसलो. प्रत्येकाने तीस-तीस कागद आणले होते, नावाची बाजू दुमडून. सवयीने लाल पेन काढून आम्ही बरोबर-चूक करायला लागलो. पाच-दहा कागद झाल्यावर आमच्यातले तालुक्याचे सर म्हणाले, गुण देऊ नका, नुसते गठ्ठे करा, सारखं लिहिलेलं एका जागी ठेवा. त्या क्षणापासून आमची ती बैठक वेगळी झाली.

सगळ्यांत मोठा गठ्ठा होता तो (अ) चं उत्तर ४ आणि (ब) चं उत्तरही ४ लिहिणाऱ्यांचा. नीट बघा, परीक्षेत या मुलांना (अ) चे पूर्ण गुण मिळाले असते आणि आपण म्हटलं असतं की सीमा यांना येते. दुसऱ्या गठ्ठ्यात ‘शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य’. तिसरा गठ्ठा मला आधी निव्वळ आळशीपणाचा वाटला होता. पहिल्या ओळीत सीमेचं चिन्ह लिहिलेलं, दुसऱ्या ओळीत ते गायब, मग ‘बरोबर क्ष अधिक २’, मग ‘बरोबर ४’. मी म्हणाले, यांना लिहायचा कंटाळा आहे. तालुक्याचे सर म्हणाले, विचारून बघा.

सोमवारी मी माझ्या वर्गातल्या सहा मुलांना वेगवेगळं बोलावलं. एका मुलीसमोर तिचाच कागद ठेवला आणि मधल्या ओळींवर बोट ठेवून विचारलं, इथे सीमेचं चिन्ह का नाही? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने मलाच विचारलं, “मॅडम, बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता पुढे’, असंच ना?”

ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, बारावीला चांगले गुण होते. पहिलीपासून तिने ५ अधिक ३, मग बरोबर, मग उत्तर असंच लिहिलं होतं. दोन बाजू समान आहेत असं ते चिन्ह सांगतं, हे तिच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. पुढे सीईटीच्या तयारीत तर पायऱ्यांना किंमतच नसते, चारपैकी एका पर्यायावर खूण करायची. आणि मी तिला त्या सत्रात सातत्य शिकवत होते. सातत्य म्हणजे काय? एका बिंदूपाशी सीमा आणि तिथली किंमत यांची तुलना. जिच्या वहीत सगळं ‘आता पुढे’ने एकाच माळेत ओवलेलं आहे, तिला या दोन गोष्टी वेगळ्याच दिसत नाहीत, मग ती तुलना कशाची करणार? माझं दोन आठवड्यांचं शिकवणं हवेतच होतं, आणि त्या वर्षापर्यंत मला ते कळलं नव्हतं.

आता सहकार्य म्हणजे काय ते बघा. तालुक्याच्या सरांच्या कागदांमध्ये तो पहिला गठ्ठा बराच लहान होता. त्यांच्या पुष्कळ मुलांनी (ब) ला ‘किंमत नाही’ असं लिहिलं होतं. आम्ही तिघांनी विचारलं, तुम्ही काय केलं? त्यांना वेगळं काही केल्यासारखं वाटतच नव्हतं. बऱ्याच वेळाने आठवून ते म्हणाले, मी मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर तक्ता करायला लावतो. क्ष १.९ घेतलं की उत्तर ३.९, १.९९ घेतलं की ३.९९, दुसऱ्या बाजूने २.०१ घेतलं की ४.०१. आणि शेवटी क्षच्या जागी २ घालायचे. कॅल्क्युलेटर ‘एरर’ दाखवतो. मुलांनी ती ‘एरर’ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली होती. चारच्या जवळ जाणं आणि चार असणं यातला फरक त्यांच्या हातांना कळला होता. वर्गातली दहा मिनिटं, खर्च काही नाही. आणि ही गोष्ट शहराकडच्या आम्हा तिघांना, एवढी वर्षं शिकवूनही, सुचली नव्हती. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघांनी तो तक्ता केला. महिन्याने वेगळं फल देऊन, (क्षचा घन वजा १) भागिले (क्ष वजा १), पुन्हा तोच प्रश्न विचारला. पहिला गठ्ठा संपला नाही, पण स्पष्ट दिसेल इतका बारीक झाला.

कुठल्याही करारात हे लिहिलेलं नसतं. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यांत आग्रहाचं सांगणं हेच: तुमच्या चार महाविद्यालयांत मिळून महिन्याला एक सामाईक प्रश्न ठेवा आणि त्याची उत्तरं एकत्र बसून वाचा. चार जण पुरतात, सात-आठच्या वर नको. बैठक दीड तासाच्या आत संपवा. गुण देऊ नका, कारण गुण म्हटलं की ‘माझा वर्ग, तुमचा वर्ग’ सुरू होतं आणि मग कुणी खरे कागद आणत नाही. प्रत्येक बैठकीतून एकच बदल ठरवा, जो पुढच्या आठवड्यात सगळे करतील. नारायणगाव, मंचरच्या बाजूने पुण्यात यायचं तर चाकणच्या वाहतुकीत किती वेळ जातो हे तुम्हाला मी सांगायला नको, त्यामुळे जागा आळीपाळीने बदला. एखाद्या महिन्यात नाहीच जमलं तर कागदांचे फोटो पाठवून फोनवर बसा. पण पहिल्या दोन बैठका प्रत्यक्षच घ्या. टेबलावर गठ्ठे होताना जे दिसतं ते फोटोत दिसत नाही.

यासाठी विद्यापीठाची परवानगी लागत नाही, हे लक्षात घ्या. अंतर्गत मूल्यमापन तुमच्या हातात आहे. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो महाविद्यालयांत, स्वायत्त सोडली तर, त्याचा एकच अभ्यासक्रम चालतो. एकाच आठवड्यात किती वर्गांत तेच प्रकरण चालू असेल, विचार करा. या एकसारखेपणाबद्दल आपण नेहमी कुरकुरतो, पण सामाईक प्रश्नासाठी याहून सोयीची व्यवस्था शोधून सापडणार नाही.

हे नुसतं माझ्या अनुभवावरून सांगत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे १९७० च्या दशकात युरी ट्राइझमन नावाच्या संशोधक-शिक्षकाने हाच प्रश्न उचलला होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनात (कॅल्क्युलसमध्ये) मोठ्या प्रमाणावर नापास होत होते. प्राध्यापकांची उत्तरं ठरलेली होती: तयारी कमी, जिद्द कमी, घरचा आधार नाही. त्याने मुलं प्रत्यक्ष अभ्यास कशी करतात हे महिनोन्‌महिने पाहिलं. चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत होती, गणितावर बोलत होती. कृष्णवर्णीय मुलं कष्ट तेवढेच करत होती, पण एकेकटी. मग त्याने त्यांच्यासाठी जे वर्ग सुरू केले ते उजळणीचे नव्हते. तिथे गटाने सोडवायची कठीण गणितं होती, आणि निकाल बदलले. मला यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते की प्राध्यापकांच्या मनातलं कारण तपासल्यावर टिकलं नाही. आपलं ‘पाया कच्चा’ आपण कधी तपासलंय?

याला जोडून एक आकडा. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, आणि मुलांना वर्गातच काही करायला लावणाऱ्या पद्धतीत सुमारे २२ टक्के. तुमच्या वर्गात अगदी तेवढाच फरक पडेल असं मी म्हणणार नाही. पण फळ्यावर सोडवून दाखवणं आणि मुलांनी उतरवून घेणं यापलीकडे १० मिनिटं जरी मिळाली, तरी ती कारणी लागतात.

आता तुमच्या ब्रिज कोर्सबद्दल. तो फसला यात तुमचा दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे. सत्राच्या आधी दोन आठवड्यांत आपण अपूर्णांक, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती असं सगळं एकदम उरकतो. ज्या मुलाला ऑक्टोबरमध्ये आंशिक अपूर्णांक लागणार आहेत, त्याला ते जुलैमध्ये शिकवून काय उपयोग? शिवाय अभियांत्रिकी-फार्मसीच्या प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत आपल्याकडे मुलं येत-जात राहतात. ज्यांना गरज जास्त ती बहुधा उशिरा आलेलीच असतात. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी ही तिथली दुसरी सरकारी विद्यापीठ व्यवस्था. २०१७ मध्ये, तिचे २३ कॅम्पस असताना, तिने ठरवलं की २०१८ पासून श्रेयांक (क्रेडिट) नसलेले उजळणीचे वर्ग बंद करायचे. मुलाला थेट श्रेयांकाच्या विषयात बसवायचं आणि त्याच सत्रात त्याला जोडून मदतीचा तास द्यायचा. त्यानंतर पहिल्याच वर्षी गणिताचा विषय पार करणारी मुलं वाढली. नापास होणारीही पुष्कळ राहिली, आणि जिथे मदतीचा तास घाईने उभा केला तिथे शिक्षकांची दमछाक झाली. म्हणून मी ही गोष्ट जादूची म्हणून सांगत नाही. पण तत्त्व बरोबर आहे: जे लागणार आहे ते लागण्याच्या आदल्या आठवड्यात.

आमच्याकडे आम्ही हे असं करतो. आठवड्याचा एक जोडतास, वेळापत्रकात छापलेला, सगळ्या वर्गासाठी. ‘कच्च्या मुलांचा तास’ असं नाव चुकूनही देऊ नका, मी एकदा तशी यादी फलकावर लावली होती. यादीतली मुलं आली नाहीत आणि त्यातल्या दोघांनी पुढे माझ्याशी बोलणंच सोडलं. आजही मला त्याचं वाईट वाटतं. तासाला एक पानाची कामाची पत्रिका (वर्कशीट) असते, वरचा अर्धा भाग जुन्या गोष्टीचा, खालचा पुढच्या आठवड्याच्या प्रकरणातला. मुलं तिघातिघांत सोडवतात. अशा १२ पत्रिका एका सत्राला लागतात. एकट्याने १२ करणं अवघड आहे, चौघांनी प्रत्येकी ३ करणं अवघड नाही. करारांचा हा दुसरा खरा उपयोग. आणि पत्रिका कुठल्या करायच्या ते आपल्या कल्पनेने ठरवू नका, गठ्ठ्यांवरून ठरवा.

भाषेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तालुक्याच्या वर्गात हा विषय असणारच. सेमी-इंग्रजीतून आलेली, मराठी माध्यमातून आलेली आणि इंग्रजी माध्यमातली मुलं एकाच बाकावर असतात. माझा अनुभव असा की समजावणं बिनदिक्कत मराठीत करावं, लिहिणं इंग्रजीत ठेवावं, आणि फल, सीमा, सातत्य, केवल मूल्य, वर्गसमीकरण हे शब्द फळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही भाषांत सत्रभर राहू द्यावेत. पण खरी अडचण या नामांची नसते, ती ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक तरी’ या छोट्या शब्दांची असते. एप्सिलॉन-डेल्टाला, म्हणजे सीमेच्या काटेकोर व्याख्येला, हात घालण्याआधी मी दोन वाक्यं लिहिते. ‘प्रत्येक कुलपाला त्याची एक किल्ली आहे.’ ‘अशी एक किल्ली आहे, जी प्रत्येक कुलपाला लागते.’ मग विचारते, दुसरं वाक्य खरं असेल तर तुमच्या सोसायटीत काय होईल? वर्ग हसतो आणि शब्दांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो हे एकदम लक्षात येतं. त्यानंतर विचारायचं, आधी एप्सिलॉन दिला की आधी डेल्टा? एका वर्षी आम्ही हाच प्रश्न सामाईक म्हणून दिला. मला वाटलं होतं की शहरातली इंग्रजी माध्यमाची मुलं इथे पुढे असतील. तसं झालं नाही, चुका सगळीकडे जवळजवळ सारख्या होत्या. त्या दिवशी तालुक्याच्या सरांच्या मनावरचं एक ओझं उतरलेलं मी पाहिलं. आपली मुलं गावची आहेत म्हणून चुकतात, असं ते इतकी वर्षं धरून बसले होते.

पहिल्या आठवड्यात काय करावं, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. मी कापरेकरांपासून सुरुवात करते. दत्तात्रय कापरेकर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते, म्हणजे आपल्याच परिसरातले. त्यांनी शोधलेला ६१७४ हा आकडा जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. मुलांना सांगायचं, चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. कुठूनही सुरू करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येता. यासाठी कुणाचाही पाया पक्का असायला लागत नाही. मग मी एकच प्रश्न विचारते: मधली प्रत्येक वजाबाकी ९ ने का भागली जाते? बहुतेक जण आधी पाच-सहा उदाहरणं दाखवतात आणि म्हणतात, झालं सिद्ध. नाही झालं, आणि का नाही झालं यावर तो तास जातो. शेवटी कुणीतरी अंकांना अक्षरं देतं, मोठ्यातून लहान वजा केल्यावर ९९९ आणि ९० च्या पटी उरतात हे दिसतं, आणि वर्गात पहिल्यांदा एक सिद्धता मुलांनी स्वतः केलेली असते. चारही महाविद्यालयांत हे एकाच आठवड्यात करा. पहिल्या बैठकीला आणायला ते कागद उत्तम.

विचारून वाट बघायची ही रीत मी शिकले ती विद्यार्थी असताना, एमटीटीएस या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीच्या प्रशिक्षण कार्यक्रमाच्या उन्हाळी शिबिरात. प्रा. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा कार्यक्रम. चार आठवडे तिथे कुणी नोट्स दिल्या नाहीत. सर प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत खरंच थांबायचे. ती शांतता आधी नकोशी वाटायची, नंतर तिचीच सवय झाली. तुमच्या वर्गातल्या गणित आवडणाऱ्या दोन-तीन मुलांना तिथे अर्ज करायला लावा. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं. वेगवेगळ्या महाविद्यालयांतली मुलं आणि शिक्षक तिथे भेटतात. वर्षातून एकदा चारही महाविद्यालयांची मुलं घेऊन अशा एखाद्या ठिकाणी जा. पण सहल हा सहकार्याचा शेवटचा भाग आहे, पहिला नाही.

एकमेकांच्या तासाला बसण्याबद्दल थोडं. जपानमधले शिक्षक एक धडा मिळून आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे बघतात. आम्ही ते सत्रातून एकदा करतो. सुरुवातीला सगळेच बिचकतात, मीही बिचकले. नियम एकच ठेवा: पाहुण्याने शिक्षकाकडे बघायचं नाही, शेवटच्या बाकावर बसून दोन मुलांच्या वहीकडे बघायचं. मी फळ्यावर काय लिहिलं आणि त्याच मिनिटाला वहीत काय उतरलं, हे मला दुसऱ्या कुणी सांगितल्याशिवाय कळूच शकत नाही.

चालत नाही असं काय, तेही सांगते. उद्‌घाटनाची चर्चासत्रं, पाहुण्यांची ऑनलाइन व्याख्यानं, ५०-६० शिक्षकांचा व्हॉट्सअॅप गट. तिन्ही करून झालं.

आणि ज्यांच्याशिवाय यातलं काहीच उभं राहणार नाही ते म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक. पहिल्या वर्षाचे वर्ग बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडेच असतात. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, कागद तपासण्याचे, बैठकीला येण्याचे नाहीत. सत्राच्या मध्येच कुणी दुसरीकडे जातं, आणि त्या वर्गाबद्दल त्याला जे कळलेलं असतं ते त्याच्याबरोबर जातं. मी ज्या एका अभ्यास मंडळावर, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीवर, होते, तिथे पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमावर दोन दिवस चर्चा झाली आणि प्रत्यक्ष पहिल्या वर्षाला शिकवणारं एकही माणूस खोलीत नव्हतं. कुठल्या प्रकरणात मुलं अडकतात याबद्दल प्रत्येकाचं मत होतं, कागद कुणाकडेच नव्हते. म्हणून वर्षाच्या शेवटी तुमच्या गठ्ठ्यांची दोन पानी नोंद करा: प्रश्न कोणता, चुकांचे प्रकार कोणते, काय बदललं, काय नाही बदललं. ती अभ्यास मंडळाला पाठवा, आणि त्यावर तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची नावंही घाला.

म्हणजे पहिल्या सत्रात एवढंच: महिन्याला एक सामाईक प्रश्न, त्याचे गठ्ठे, आठवड्याचा एक जोडतास, त्याच्या वाटून केलेल्या पत्रिका. तासाला बसणं आणि सहल पुढच्या सत्रात.

राहिला प्राचार्यांचा प्रश्न. त्यांच्याकडे निधी मागू नका, तीन गोष्टी मागा. एक, वेळापत्रकात तो जोडतास, आणि तो तुमच्या कार्यभारात धरला जावा. दोन, महिन्यातल्या त्या एका शनिवारी कर्तव्यरजा, आणि तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याला त्या दीड तासाचं मानधन घेतलेल्या तासांप्रमाणेच. हे दुसरं मिळवायला जोर लावावा लागेल, पण तेच आधी मागा. तीन, झेरॉक्सची परवानगी. बदल्यात तुम्ही त्यांना त्या सामंजस्य करारांखाली प्रत्यक्ष झालेल्या कामाची तारीखवार नोंद देऊ शकता, आणि नॅकच्या फायलीत तीच हवी असते. बाकी तीन महाविद्यालयांत पत्र विभागप्रमुखांना घाला, पण त्याआधी जो पहिल्या वर्षाला शिकवतो त्याला फोन करा आणि सांगा, येताना मुलांचे तीस कागद घेऊन या, नावं दुमडून. पहिल्या शनिवारचे गठ्ठे झाले की सगळ्यांत मोठ्या गठ्ठ्यात काय निघालं ते मला नक्की कळवा. पुढचा प्रश्न कुठला द्यायचा ते आपण त्यावरून ठरवू.